ऐन रंगात डीजेची यूएसबी वायर निसटते: कारण कसं शोधायचं आणि बंदोबस्त कसा करायचा

हळदीत, वरातीत किंवा मिरवणुकीच्या गाडीवर लॅपटॉप आणि कंट्रोलर (गाणी मिक्स करायचं बटणा-चकत्यांचं यंत्र) घेऊन वाजवणाऱ्या ऑपरेटरांची एक तक्रार सगळीकडे सारखी आहे. गाणं चढलेलं असतं, बेस पडतो आणि आवाज गायब. स्क्रीनवर हार्डवेअर सापडत नसल्याचा संदेश येतो. वायर काढून परत लावली की सुरू होतं, अर्ध्या तासानं पुन्हा तेच. मग नवी वायर येते, दोन कार्यक्रम बरे जातात आणि तिसऱ्याला पहिले पाढे पंचावन्न.

हा त्रास जात नाही, कारण सगळे जण पिन घट्ट करायच्या मागे लागतात. ओढा मात्र जिथून येतो तिथून येतच राहतो. यूएसबीची पिन ओढा सोसण्यासाठी बनलेलीच नाही. माइकच्या एक्सएलआर पिनेला खटका असतो, स्पीकरची स्पीकॉन पिन फिरवून लॉक होते. साध्या यूएसबीला यातलं काही नाही, ती नुसत्या घर्षणावर आणि आतल्या पत्र्याच्या स्प्रिंगवर टिकते. यूएसबी २.० च्या मानकात चौकोनी (कंट्रोलरकडची) आणि चपटी (लॅपटॉपकडची) पिन उपसायला किमान १० न्यूटन बल लागावं एवढीच अपेक्षा आहे, म्हणजे साधारण १ किलोचं वजन टांगल्याइतका ओढा. ही झाली नव्या पिनेची गोष्ट. त्या पिनेचं किमान आयुष्य धरलंय १,५०० वेळा लावण्या-काढण्याचं. टाइप-सी चं १०,००० वेळा आहे, पण तिची धरण्याची ताकदही याच्याच आसपास. टाइप-सी ला स्क्रूनं आवळायचं एक मानक आहे, पण ते कारखान्यातल्या कॅमेऱ्यांसारख्या उपकरणांवर दिसतं. आपल्या कंट्रोलरवर ते मिळेल या आशेवर राहू नका.

बोअरमध्ये मोटर सोडताना तिचा भार कोणी वायरीवर देत नाही. मोटर पाइपावर आणि दोरावर लोंबते, वायर फक्त वीज नेते. डीजेच्या टेबलावर नेमकं हेच करायचं आहे: वायरीनं सिग्नल न्यायचा, ओढा दुसऱ्या कशानं तरी सोसायचा. पण त्याआधी दोष खरंच वायरीचा आहे का, ते ठरवावं लागेल. निम्म्या वेळा तो दुसरीकडेच असतो.

आधी दोष कुठे आहे ते बघा

आवाज जातो तेव्हा कंट्रोलरच्या दिव्यांकडे बघायची सवय लावा. लॅपटॉपच्याच करंटवर चालणारा कंट्रोलर असेल आणि त्याचे दिवे पूर्ण विझले, तर यूएसबीची जोडणीच तुटली आहे. कंट्रोलरला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असेल, दिवे चालू असतील आणि तरी सॉफ्टवेअर हार्डवेअर नाही म्हणत असेल, तर डेटा तुटलाय. दोन्हीत विंडोजचा डिव्हाइस निघाल्याचा आवाज येतो. कार्यक्रमात तो आपण बंद ठेवतो, पण घरी तपासताना मुद्दाम चालू ठेवा.

दिवे आहेत, संदेशही नाही, पण आवाज तडतडतो किंवा क्षणभर तुटून पुढे जातो, तेव्हा वायरीला हात लावू नका. तो बहुतेक वेळा बफरचा, म्हणजे आवाजाचा डेटा पुढे पाठवण्याआधी साठवायच्या जागेचा, प्रश्न असतो. सॉफ्टवेअरमध्ये बफर १२८ सॅम्पलवर असेल तर २५६ किंवा ५१२ करून बघा. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पल म्हणजे सुमारे ११.६ मिलिसेकंद, गाणी मिक्स करताना एवढा उशीर हाताला जाणवत नाही. एकाच बाजूचा आवाज गेला असेल तर कंट्रोलरकडून मिक्सरला जाणारी आरसीए किंवा एक्सएलआर वायर बघा. सतत हम (घूं असा आवाज) येत असेल तर तो अर्थिंगचा विषय. त्याला वेगळा इलाज आहे, आणि तो इलाज म्हणून अ‍ॅडॉप्टरची तिसरी पिन तोडू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

यूएसबीच तुटते हे नक्की झालं की घरी शांतपणे, आवाज कमी ठेवून गाणं लावा. लॅपटॉपकडची पिन चिमटीत धरून हळूच वर-खाली, डावी-उजवी हलवा. मग कंट्रोलरकडची. मग दोन्ही पिनांच्या मागचा बोटभर भाग वाकवून बघा, कारण आतली तार तिथेच तुटते. पिन हलवल्यावर जातंय की पिनेमागची वायर वाकवल्यावर, हा फरक महत्त्वाचा. वायर वाकवल्यावर गेलं तर ती वायर संपली, तिला टेप लावून वाचवू नका. पिन हलवल्यावर गेलं तर दुसरी चांगली वायर त्याच पोर्टला लावून तेच करा. तरीही गेलं तर पोर्ट सैल आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. वायर, पोर्ट आणि सेटिंग एकदम बदललंत तर चालू झाल्यावरही कशामुळे चालू झालं ते कळणार नाही.

हलवून काहीच होत नाही, पण गाडीवर मात्र हमखास जातं, तेव्हा जनरेटरकडे बघा. बेस जोरात पडला की अ‍ॅम्प्लिफायर करंट खेचतात, व्होल्टेज क्षणभर खाली येतं आणि अ‍ॅडॉप्टरवरचा कंट्रोलर रीसेट होतो. बाहेरून हे वायर निसटल्यासारखंच दिसतं. खूण सोपी आहे: बेसच्या ठोक्याबरोबर हॅलोजन किंवा साधे बल्ब मिणमिणतात का ते बघा. मिणमिणत असतील तर लॅपटॉप, कंट्रोलर आणि छोटा मिक्सर एवढंच वेगळ्या यूपीएसवर घ्या. अ‍ॅम्प्लिफायर आणि लाइट त्यावर चुकूनही नको. जनरेटरचा वेग वरखाली होत असेल तर साधा यूपीएस सारखा बॅटरीवर उडी मारतो आणि शेवटी बॅटरी संपते, म्हणून गाडीवर नेहमी वाजवणाऱ्यांनी ऑनलाइन प्रकारचाच (सगळी वीज सतत स्वतःच्या इन्व्हर्टरमधून देणारा) घ्यावा. महाग आहे, पण त्या पैशात कंट्रोलरही वाचतो.

एक गुन्हेगार लॅपटॉपच्या आतही बसलेला असतो. वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबी पोर्ट झोपवतं. पॉवर ऑप्शन्समधल्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा, बॅटरी आणि चार्जिंग दोन्हींसाठी. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’ उघडून पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची जी परवानगी दिलेली असते तिची खूण काढा. स्लीप ‘कधीच नाही’ वर, झाकण बंद केल्यावर ‘काहीही करू नका’ वर. विंडोजचं मोठं अपडेट झालं की ही सगळी सेटिंग पुन्हा तपासा, काही लॅपटॉपवर ती मूळपदावर गेलेली सापडतात.

ओढा पिनेपर्यंत पोचूच नये

आता मुख्य काम. सगळ्यात जास्त फरक कशानं पडतो असं मला कोणी विचारलं तर मी टेपचं किंवा महागड्या वायरीचं नाव घेणार नाही, फळीचं घेईन. लॅपटॉप आणि कंट्रोलर एकाच फळीवर पक्के करा. लॅपटॉप एका टेबलावर, कंट्रोलर दुसऱ्या केसवर, मध्ये वायर झोपाळ्यासारखी लोंबतेय अशी मांडणी मी कितीतरी गाड्यांवर बघतो. गाडी ब्रेक मारते, दोन्ही वस्तू वेगवेगळ्या हलतात आणि मधला सगळा ओढा पिनेवर येतो. १८ मिलिमीटरचा प्लाय घ्या, लॅपटॉपचा स्टँड त्याला बोल्टनं आवळा, कंट्रोलर पट्ट्यांनी किंवा लाकडी गुट्ट्यांनी अडवा. फळी हलली तर दोघं बरोबर हलतील आणि वायरीला कळणारही नाही. फळीखाली जाड रबर किंवा फोम टाका. आणि ती बेसच्या बॉक्सवर ठेवू नका. १८ इंची स्पीकरवरचा लॅपटॉप सगळी रात्र थरथरत राहतो, त्या थरथरीनं पिन केसभर केसभर मागे सरकते आणि मग एखाद्या हलक्या धक्क्यानं सुटते. शेवटचा धक्का दिसतो, आधीचे दोन तास दिसत नाहीत.

फळी झाली की वायर बांधायची. कंट्रोलरच्या पिनेपासून वीतभर अंतरावर फळीला स्क्रूनं एक टाय माउंट (पट्टी ओवायचा छोटा आधार) बसवा आणि वायर व्हेल्क्रो पट्टीनं त्याला बांधा. पिन आणि गाठ यांच्यामधल्या वायरीला थोडी ढील हवी, सैल वळण दिसेल इतकी. ढील नसेल तर बांधूनही ओढा पिनेवरच येतो. तसंच लॅपटॉपच्या बाजूला, स्टँडच्या पायाला. उरलेली वायर गुंडाळून फळीवरच चिकटवा, खाली लोंबू देऊ नका. आता गाठीच्या पलीकडून कोणी ओढलं तर ओढा फळीवर येईल. बांधून झाल्यावर हातानं खेचून बघाच. खेचताना पिन तसूभरही हलली तर गाठ ढिली आहे किंवा मधली ढील कमी आहे.

यूएसबी वायरीला झिप टाय आवळू नका. जोरात ओढलेला टाय आतल्या तारा चेपतो, आणि कार्यक्रम संपल्यावर कापताना कधीतरी ब्लेड वायरीवर लागतं. खाकी पॅकिंग टेपही नको. मे महिन्यातल्या मांडवात तिचा गोंद वितळतो, पकड जाते आणि चिकट थरावर धूळ बसते. जमिनीवरून जाणाऱ्या वायरींसाठी कापडी गॅफर टेप घ्या, ती निघताना सहसा गोंद मागे सोडत नाही.

कंट्रोलर फ्लाइट केसमध्ये ठेवून वाजवत असाल तर केसची मागची भिंत एकदा वाकून बघा. बऱ्याच केसमध्ये ती पिनेच्या इतकी जवळ असते की सरळ पिन भिंतीला टेकून तिरकी होते. कंट्रोलर मागे रेटला की पिन तरफेसारखी पोर्ट उचकटते. अशा ठिकाणी काटकोनी पिनेची वायर लागते. काटकोनी पिना चार दिशांच्या मिळतात, म्हणून आधी बघा आपल्याला वायर वर, खाली, डावीकडे की उजवीकडे वळायला हवी आहे. वायर कंट्रोलरच्या अंगालगत जाईल अशीच दिशा निवडा.

कार्यक्रम संपल्यावर कंट्रोलरकडची पिन काढूच नका. केसमध्ये तिला जागा करा आणि तिथेच राहू द्या. लग्नसराईत रोज लावा-काढा केली की वर सांगितलेले १,५०० वेळा वाटतात त्यापेक्षा लवकर संपतात, आणि कंट्रोलरचा पोर्ट बदलणं लॅपटॉपच्या पोर्टइतकंच किचकट आहे.

चार्जिंगच्या वायरीचं गणित उलटं आहे. मॅकबुकची चुंबकी पिन मुद्दाम सुटावी म्हणूनच बनवली आहे, कोणाचा पाय अडकला तर लॅपटॉप खाली येऊ नये म्हणून. तिला टेपनं जखडू नका. ती सुटली तर बॅटरीवर वाजत राहील. डेटाची वायर मात्र सुटता कामा नये. पनवेल-उरण-अलिबागकडच्या आगरी-कोळी हळदीत पोरं थेट टेबलाला खेटून नाचतात, तिथे चार्जरची वायर टेबलाच्या मागच्या पायाला एकदा बांधून, मागच्या बाजूनं न्या. साधा चार्जर असेल तर त्याची वीटही (वायरीच्या मधला जड ठोकळा) जमिनीवर किंवा हवेत न ठेवता फळीखाली बांधा, ती लोंबली की चार्जिंगची पिन ढिली होते, बॅटरी उतरत जाते आणि लॅपटॉप स्वतःहून मंद चालायला लागतो.

काही जुगाड मी हात जोडून टाळायला सांगतो. पोर्टमध्ये कागदाची घडी किंवा काडेपेटीची काडी खोचली की त्या दिवसापुरती पिन घट्ट बसते, पण आतला पत्रा कायमचा फाकतो. फेविक्विक आत वाहून संपर्काच्या पट्ट्यांवर बसतं. एम-सील लावलेला पोर्ट दुरुस्तीवालाही हातात घेत नाही.

वायर कशी निवडावी

लांबी गरजेपुरतीच. यूएसबी २.० ला ५ मीटरची मर्यादा आहे, पण लॅपटॉप आणि कंट्रोलर एकाच फळीवर असताना दीड मीटरही पुरते. लांब आणि बारीक वायरीत व्होल्टेज पडतं. ३ मीटरच्या वायरीत वीज नेणारी तांब्याची तार २८ गेजची असेल, तर जाण्या-येण्याच्या ६ मीटरचा रोध साधारण १.३ ओहम होतो. अर्धा अँपिअर खेचला की ०.६ व्होल्ट वाटेतच गेले, ५ चे ४.४ उरले. लॅपटॉपच्या करंटवर चालणारा कंट्रोलर तिथे डगमगतो, विशेषतः हेडफोन जोरात असताना आणि सगळे पॅड पेटलेले असताना. तीच तार २४ गेजची असेल तर घट पाव व्होल्टवर येते. चांगल्या वायरीच्या कवचावर ‘२८एडब्ल्यूजी/१पी’ आणि ‘२४एडब्ल्यूजी/२सी’ असं छापलेलं असतं. पहिली डेटाची जोडी, दुसरी विजेची. विजेच्या जोडीचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली वायर यासाठी वापरू नका, काहींत डेटाच्या तारा नसतातच.

नव्या पातळ लॅपटॉपना टाइप-सी पोर्टच असतात, म्हणून लोक छोटा कन्व्हर्टर लावून त्यात जुनी वायर खोचतात. सांधे एकाऐवजी दोन होतात, वर कन्व्हर्टरच्या वजनानं पोर्टवर तरफ बसते. त्यापेक्षा एका टोकाला टाइप-सी आणि दुसऱ्या टोकाला चौकोनी टाइप-बी अशी सलग वायर मिळते, ती घ्या. हब लागणारच असेल तर हार्ड डिस्क आणि माउस हबवर, कंट्रोलर मात्र थेट लॅपटॉपला.

गणेशोत्सवात दोन शत्रू वाढतात, पाऊस आणि गुलाल. गुलालाची पूड इतकी बारीक असते की रिकाम्या पोर्टमध्ये आरामात शिरते, दमट हवेत तिथेच घट्ट बसते आणि पुढच्या वेळी पिन पूर्ण आत जात नाही. जेजुरीकडे वाजवणाऱ्यांना भंडाऱ्याचा हाच अनुभव येईल. न वापरलेल्या पोर्टना रबरी बूच लावा, ते अगदी स्वस्त काम आहे. साफ करताना सगळं बंद करून कोरड्या मऊ ब्रशनं पूड काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशला लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. तोंडानं फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. पावसासाठी प्लॅस्टिक टाकाल तेव्हा लॅपटॉपची गरम हवा निघायची बाजू उघडी राहील असं बघा.

तरीही चालू कार्यक्रमात गेलीच तर

तयारी आधीच हवी. मोबाइलमध्ये सलग वाजेल अशी अर्ध्या तासाची फाइल, मोबाइल फ्लाइट मोडवर, आणि त्याची वायर मुख्य मिक्सरच्या वेगळ्या चॅनलला जोडून फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली. कंट्रोलरच्या ऑक्समध्ये (बाहेरचं यंत्र जोडायच्या इनपुटमध्ये) लावू नका. कंट्रोलरच बंद पडला तर ऑक्सही त्याच्याबरोबर जातो, हे ऐनवेळी लक्षात येऊन उपयोग नाही.

आवाज गेला की पहिला हात मोबाइलच्या फेडरवर. लोक नाचत राहिले पाहिजेत. दुसरं काम, मिक्सरवर कंट्रोलरचं चॅनल पूर्ण खाली. ते न करता वायर खोचली तर कंट्रोलर जागा होताना जो ठोका बसतो तो सरळ हॉर्नच्या डायफ्रामवर जातो, आणि तो उडाला की वायरीपेक्षा कितीतरी महागात पडतं. मग वायर पूर्ण काढा, नीट बसवा, दहा सेकंद थांबा. सॉफ्टवेअरला हार्डवेअर दिसलं की हेडफोनवर ऐका, तिथे आवाज आला की मगच फेडर वर. दिसलं नाही तर दुसरा पोर्ट, मग दुसरी वायर, आणि सगळ्यात शेवटी सॉफ्टवेअर बंद-चालू. लॅपटॉप रीस्टार्ट करायची घाई करू नका. रात्री १० ला स्पीकर बंद करायचा असतो, पावणेदहाला लॅपटॉपनं अपडेट सुरू केलं तर नवरदेवाचा शेवटचा नाच गेला. त्या घरात तो एकदाच होणार असतो.

पेन ड्राइव्हवर चालणारे प्लेअर वापरणाऱ्यांना थोडी सवलत आहे. पायोनियरच्या सीडीजे मालिकेतल्या अनेक प्लेअरवर ड्राइव्ह निसटला तर यंत्र गाण्याचा छोटा तुकडा लूपमध्ये वाजवत ठेवतं आणि तुम्हाला श्वास घ्यायला वेळ देतं. म्हणून मोठ्या सुपारीला लॅपटॉपबरोबर असा एक प्लेअर भाड्यानं घेणं मला पटतं.

पोर्ट आधीच सैल झाला असेल तर बांधाबांधीनं तो फक्त दिवस काढेल. बऱ्याच लॅपटॉपमध्ये एका बाजूचे पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर असतात आणि तेवढा बोर्ड बदलता येतो. मदरबोर्डवरच झाळलेला पोर्ट असेल तर हॉट एअरचं (गरम हवेच्या झोतानं झाळायचं) काम येणाऱ्या माणसाकडेच द्या. साध्या सोल्डरगननं ओढाताण केली की खालचे ट्रॅक उपटतात. तोवर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूचा पोर्ट वापरा आणि सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओ सेटिंग पुन्हा तपासा, कारण पोर्ट बदलल्यावर विंडोज कधी कधी तोच कंट्रोलर नवा समजतं. लॅपटॉप दुरुस्त होऊन आला की पिन हलवायची चाचणी दुकानातच, पैसे देण्याआधी करा, आणि ती स्वतःच्या वायरीनं आणि स्वतःच्या कंट्रोलरनं करा.